पाणी पाळलं होतं

कारभारीने जाळ्यात अडकलेल्या कटल्याच्या कल्ल्यावरचा दोरा नखाने सोडवला आणि मासा टोपलीत टाकला. समोर बर्फाच्या रिकाम्या पेटीवर प्राचीने लॅपटॉप उघडून ठेवला होता. पडद्यावर ऊन येऊ नये म्हणून तिने आपली ओढणी दोन्ही हातांनी त्यावर छपरासारखी धरली होती. त्या ओढणीखाली डोकं घालायचं म्हणजे साठीकडे झुकलेल्या वयात लपंडाव खेळण्यातला प्रकार, पण पोरगी एवढ्या लांबून आलेली. त्याने हात लुंगीला पुसले आणि तो वाकला.

"हे पाहा काका, तुमचं धरण."

नळगंगेचं धरण त्याने आयुष्यभर पाहिलं होतं, पण असं कधी नाही. वरून ते एखाद्या फाटक्या पानासारखं दिसत होतं, कडेला पिवळट, मध्ये काळंहिरवं. त्या काळ्याहिरव्यात पांढरे ठिपके होते.

"अन् हे काय? बगळे?"

"तुमचे डोंगे."

"बाप्पा!" कारभारी हसला. "म्हणजे वरतूनही कोणी पाह्यतेच आमच्याकडं. आमाले वाटे, कुत्रंही विचारत नाई."

प्राची देऊळघाटच्या एका शेतकऱ्याची मुलगी. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत ती कामाला होती. कोरोनाच्या त्या दोन वर्षांत लहान मच्छीमारांच्या धंद्याचं काय झालं, हे ती उपग्रहाच्या चित्रांवरून शोधत होती. समुद्रातल्या मोठ्या बोटींची कुठे ना कुठे नोंद राहते. धरणातल्या डोंग्याची नोंद ठेवायला बसलंय कोण? म्हणून आकाशातून ठिपके मोजायचे. माणूस दिसत नाही, जाळं दिसत नाही, पण मच्छीमार सोसायटीने दिलेले फायबरचे पांढरे डोंगे उन्हात चमकतात. पाण्यात असले तर विखुरलेले ठिपके, काठावर पालथे घातले तर एक बारीक पांढरी रेघ. मशीन हे मोजतं. डोंगे पाण्यात का गेले नाहीत, हे मात्र मशीनला सांगता येत नाही. ते विचारायला ती इथवर आली होती, आणि वस्तीतल्यांनी तिला सोसायटीच्या अध्यक्षाकडे, म्हणजे कारभारीकडे पाठवलं होतं.

"हा वीस सालचा मार्च. सगळे पाण्यात. अन् हा एप्रिल."

ठिपके गेले होते. काठावर नुसती रेघ.

कारभारीने त्या रेघेकडे पाहत सांगायला सुरुवात केली. मोताळ्याचा बाजार बंद. नांदुऱ्याच्या व्यापाऱ्याची गाडी बंद, गाडी नाही म्हणजे बर्फ नाही. सुरुवातीला धरलेली मासळी फुकट वाटली, तर लोक दार उघडेनात. मग वस्तीनेच ती खाल्ली. शेवटी पोरं रडकुंडीला येऊन म्हणायला लागली, आज तरी वरण करा. त्याने हे सांगितलं तेव्हा प्राची हसली, आणि मग हसू आवरून तिने ते टिपून घेतलं.

"असं सांगा, काका. असंच पाहिजे मला." तिने पुढची चित्रं काढली. "आता हे एकवीस साल. दुसरी लाट. या वेळी तुमचं काम पूर्ण थांबलेलं नाही, रोज थोडे तरी डोंगे पाण्यात आहेत. पण इथं एक कोडं आहे. रामनवमीनंतरचे हे दोन दिवस पाहा. एकही ठिपका नाही. अन् तिसऱ्या दिवशी एकदम सगळे पाण्यात, आधी नव्हते एवढे. फक्त एक डोंगा काठावर राहिला आहे. काही आदेश आला होता का?"

कारभारीचा हात जाळ्यात होता तिथेच राहिला.

"पोलीस आले असतीन," तो म्हणाला.

"दोनच दिवस?"

"असन. आता कोणाले आठवते?"

प्राचीने 'पोलीस' असं टिपलं. कारभारी पुन्हा जाळं सोडवायला बसला, पण गाठ सापडेना. 

आठवत नव्हतं असं त्यातलं काहीच नव्हतं.

भोयांच्या या वस्तीत कोणी गेलं की दहाव्यापर्यंत डोंगा पाण्यात जात नाही. फक्त घरच्यांचाच नाही, साऱ्या वस्तीचा. मयत निघाली की एकेक डोंगा ओढून काठावर पालथा घालतात, आणि दहाव्याला मेलेल्याचा डोंगा आधी पाण्यात लोटून मग बाकीचे लोटतात. याला ते पाणी पाळणं म्हणतात. कोणी लिहून ठेवलेलं नाही, पण मोडलेलंही नाही. ज्याच्याशी उभा दावा आहे त्याच्यासाठीही पाणी पाळतात, निदान त्या दहा दिवसांत तरी तो सगळ्यांचा असतो.

रंगराव, कारभारीचा थोरला भाऊ, रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी बुलढाण्याच्या दवाखान्यात कोरोनाने वारला. त्याची बायको गीताबाई तेव्हा मोताळ्याला एका शाळेत विलगीकरणात होती. फोन कारभारीला आला. मयत मिळणार नाही, तिकडेच सगळं उरकतील, असं सांगितलं. वस्तीने डोंगे पालथे घातले. कारभारी दोन दिवस आपल्या ओसरीवर बसून राहिला. रडायला येईना. तिरडी नाही, खांदा नाही, पाणी पाजणं नाही. दादा नेहमीसारखा नांदुऱ्याला गेलाय आणि गाडी चुकली म्हणून अडकलाय, असंच वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्यापाऱ्याचा फोन आला. महिनाभरात पहिल्यांदा गाडी येणार होती. असतील तेवढे मासे घेऊ, म्हणाला. वस्तीतल्या घरांतले डबे कधीच रिकामे झाले होते. माणसं कारभारीच्या ओसरीपुढे येऊन उभी राहिली, बोलली काहीच नाहीत. तो अध्यक्ष होता आणि तोच भाऊ होता, म्हणजे निकाल त्यानेच द्यायचा. त्याने दिला. मयत वस्तीतून निघालीच नाही, तर पाणी लागू होत नाही, असं तो म्हणाला. सगळ्यांच्या जिवात जीव आला. पहाटे सर्वांत आधी त्याचाच डोंगा पाण्यात गेला.

दहाव्यानंतर गीताबाई परत आली तेव्हा वस्तीच्या तोंडाशीच उभं राहून तिने विचारलं होतं, भाऊजी, पाणी पाळलं न? आणि कारभारी म्हणाला होता, हाव वहिनी, पाळलं. मागे उभ्या असलेल्या वस्तीने माना खाली घातल्या, त्या तिला दुःखाच्या वाटल्या. त्यानंतर या गोष्टीवर कोणी कधी बोललं नाही. गीताबाई मात्र बोलत आली. ती मोताळ्याच्या बाजारात मासे विकते. तिथे बसणाऱ्या प्रत्येक बाईला, गिऱ्हाइकालासुद्धा, तिने सांगितलं आहे की माझ्या माणसाची माती मला दिसली नाही, पण पोटाला चिमटा घेऊन वस्तीने त्याच्यासाठी दहा दिवस पाणी पाळलं. तिच्या भावांनी तिला माहेरी नेण्यासाठी दोनदा गाडी आणली. ती गेली नाही. ज्या लोकांनी एवढं केलं त्यांना सोडून कशी येऊ, म्हणाली. कारभारी तेव्हा तिथेच उभा होता.

"प्राचीबाई," त्याने जाळं खाली ठेवलं. "ते पोलीस खोडून टाका."

प्राचीने मान वर केली. त्याने तिला थोडक्यात सांगितलं. सांगताना तो पाण्याकडे पाहत होता. ती काही टिपून घेत नव्हती, हे त्याला बरं वाटलं.

"आमचे आजोबाही त्याच महिन्यात गेले," ती शेवटी म्हणाली. "त्यांचीही मयत आली नाही. आई अजून त्यांची चप्पल उचलू देत नाही."

"वहिनी येतीन आता टोपली न्यायले. आज बाजार हाय. त्यायच्यापुढं हे नका काढू."

"नाही काढत. पण काका, खोटं चित्र दाखव म्हणाल तर तेही माझ्याच्यानं होणार नाही."

"तसं नाई म्हणत मी. फक्त बंद करा."

तिने लॅपटॉप मिटला. तेवढ्यात बांधावरून गीताबाई येताना दिसली. बाजाराच्या दिवशी ती मासळीचं जुनं लुगडं नेसते. आज तिने पेटीतलं, घडी पडलेलं हिरवं लुगडं नेसलं होतं. केसांना तेल लावलं होतं. आभाळातल्या फोटोंचं तिच्या कानावर आलंच होतं तर. वस्तीत कोणाच्या पोटात काही राहत असेल तर शपथ.

"तुम्हीच का त्या पुण्याच्या बाई?" तिने विचारलं. "रोजचा फोटो हाय म्हणते तुमच्यापाशी? आभाळातला?"

"हो काकू. म्हणजे, बहुतेक दिवसांचे आहेत."

"मग मले एक दाखवा न. हनुमान जयंतीचा. एकवीस सालचा." ती पेटीजवळ उकिडवी बसली. "माहे मालक रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी गेले. पाणी पाळलं होतं त्यायच्यासाठी. सारे डोंगे पालथे असतीन. मी तवा शाळेत कोंडलेली, मले थे पाह्यले भेटलं नाई."

प्राचीने कारभारीकडे पाहिलं नाही. तेवढी समज तिला होती.

"बॅटरी संपली, काकू," ती म्हणाली.

"अं?"

"याची बॅटरी उतरली. चालू होणार नाही आता."

गीताबाईचा चेहरा पडला. मग स्वतःचीच समजूत काढावी तशी ती हसली. "असू द्या. मशीनच हाय थे. पुण्याले गेल्यावर काढान काय? कागदावर काढून शेजारच्या गोविंदाच्या मोबाइलवर... नाई, कागदच पाठवा. पैसे देते मी."

"कागद कायले पाहिजे, वहिनी?" कारभारीने विचारलं. विचारायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

"देवाजवळ लावीन," ती म्हणाली. "त्यायचा एकच फोटो हाय, लग्नातला, त्यात अर्धा माणूस कापला गेला. राख हातात नाई आली, तोंड नाई दिसलं. म्हटलं, निदान आपल्या माणसायनं केलं थे तरी दिसन. उदबत्ती लावाले काही तरी पाहिजे न, भाऊजी."

धरणावरून वारा आला आणि प्राचीची ओढणी पेटीवरून खाली घसरली. ती उचलायला वाकली. कारभारी उठून उभा राहिला. त्याला एवढंच दिसत होतं की त्याचं खोटं देव्हाऱ्यात बसणार आणि वहिनी रोज सकाळी अंघोळ करून त्याला हात जोडणार. आजपर्यंत ते तिच्या तोंडी होतं, बाजारात होतं, माणसांत होतं, तोवर त्याने ते कसंबसं सोसलं होतं.

"प्राचीबाई, लावा," तो म्हणाला.

"काका..."

"लावा. हनुमान जयंतीचाच लावा."

 प्राचीने लॅपटॉप उघडला. तो लगेच चालू झाला, आणि गीताबाईने आश्चर्याने आधी मशीनकडे, मग तिच्याकडे पाहिलं. कारभारीने यावेळी ओढणी स्वतः धरली.

गीताबाई पडद्याच्या अगदी जवळ गेली. धरण तिने लगेच ओळखलं. बोट न टेकवता तिने हवेतच काठावरून बोट फिरवलं, वस्ती, सोसायटीची खोली, उताराची जागा. उताराच्या जागी तिचं बोट थांबलं.

"इथं एकच हाय."

तिने बोट काठाने पुढे नेलं, पुन्हा मागे आणलं.

"बाकीचे कुठं हायेत?"

"हे ठिपके, काकू," प्राची हळू म्हणाली. "पाण्यातले."

गीताबाईने ते ठिपके पाहिले. पुन्हा काठावरचा एकटा डोंगा पाहिला. "तारीख चुकली असन तुमची."

"नाही, काकू."

"मग हा एक कोणाचा पालथा?"

ती हे कारभारीला विचारत होती. तिच्या आवाजात अजून आशा होती, आणि ती कशाची, हे त्याला कळलं. सगळ्यांनी दगा दिला असेल, पण एकाने तरी पाळलं असेल, सख्ख्या भावाने तरी. माझाच, एवढं म्हटलं की झालं असतं. वस्तीतला कोणी त्याला खोटं पाडायला आला नसता. प्राचीला तर कुठला डोंगा कोणाचा हे ठाऊकच नव्हतं.

"तो दादाचा," कारभारी म्हणाला. "त्याले लोटाले कोणी नव्हतं."

"अन् तुमचा?"

त्याने ओढणी एका हातात घेतली आणि मोकळ्या हाताचं बोट पडद्यावर टेकवलं, सगळ्यांच्या पुढे, भर पाण्यात. बोटाला मासळीचा ओलावा होता, तो काचेवर उमटला.

"हा."

गीताबाई त्या डागाकडे पाहत राहिली.

"मयत आली नव्हती, वहिनी. मले वाटलं, मयतच नाई तर पाणी कायचं? मीच सांगितलं सगळ्यायले. दादा गेला असं वाटतच नव्हतं मले."

"मले तरी कुठं वाटत होतं!" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "शाळेतून आली तवा माह्या हातात बांगड्या होत्या. पाह्यल्या होत्या तुम्ही? डॉक्टरनं सांगितलं, फोनवर सांगितलं, मी नाई काढल्या. म्हटलं, एवढ्या गर्दीत नाव चुकलं असन. दुसऱ्याच कोण्या रंगरावचं असन. मी तुमाले काऊन विचारलं पाणी पाळलं का म्हणून? तुम्ही नाई म्हटलं असतं तर मी अजून वाट पाह्यली असती. तुम्ही हाव म्हटलं, भाऊजी. घरात गेली अन् एक एक फोडली."

  कारभारीला लाज वाटली, इतकी की पायाखालची वाळूसुद्धा परकी वाटली.

गीताबाई उठली. तिने टोपलीवर ओला पाला टाकला आणि डोक्यावर चुंबळ ठेवली. भरली टोपली तिच्या डोक्यावर चढवायला रोज कारभारी हात लावतो. तो पुढे झाला.

"प्राचीबाई," गीताबाई म्हणाली, "जरा हात लावता का?"

प्राचीने टोपलीची एक बाजू धरली. तिला सवय नव्हती, टोपली कलली, पाण्याचा ओघळ हिरव्या लुगड्यावरून खाली आला. गीताबाईने तो पुसला नाही. मान ताठ करून ती बांधावर चढली आणि मोताळ्याच्या रस्त्याला लागली.

 ती दिसेनाशी झाल्यावर प्राचीने काचेवरचा डाग ओढणीच्या टोकाने पुसला.

"काका, मी इथं काय लिहू?"

"हाय थे लिहा. मासेमारी चालू होती."

दुसऱ्या दिवशी पहाटे व्यापाऱ्याची गाडी येणार म्हणून माणसं नेहमीपेक्षा लवकर काठावर आली. कोणी जाळी भरत होतं, कोणी वल्ही. कारभारी त्यांच्याआधी आला होता. त्याने आपला डोंगा पाण्यापासून लांब ओढत नेला होता आणि खांदा लावून तो उलटवायला पाहत होता. एकट्याला ते जमत नव्हतं. दोनदा डोंगा अर्धा उचलला गेला आणि पुन्हा आदळला.

शेजारचा चुलत पुतण्या गोविंदा धावत आला. त्याने दुसऱ्या बाजूने हात घातला आणि डोंगा पालथा पडला.

"फुटला काय काका? पाणी घेऊन राह्यला का?"

"नाई."

"मग?"

कारभारी वाळूत बसला. धाप लागली होती. काठावरच्या बाकीच्यांनी हातातली कामं थांबवली आणि ती इकडे पाहू लागली. वस्तीत रात्री कोणाच्या घरून रडण्याचा आवाज आला नव्हता. गोविंदाने पालथ्या डोंग्याकडे पाहिलं, मग वस्तीकडे, आणि आवाज खाली आणून विचारलं, "कोण गेलं?"

"रंगरावदादा," कारभारी म्हणाला.